देणं आधी, दान नंतर: चर्चच्या दाराबाहेरचा ख्रिस्ती हिशेब

तलावपाळी (धागाकर्ता)

उपवासकाळ लागला. जांभळी नाक्यापासून नेरूळपर्यंत सगळ्या चर्चांमध्ये क्रूसाची वाट, शुक्रवारचे उपवास, गरिबांसाठी पुठ्ठ्याच्या पेट्या सुरू झाल्यात आणि ते व्हायलाच हवं. पण आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य वर्षभर असतं: रविवारी गुडघे टेकतात आणि सोमवारी बाईचा खाडा कापतात. हे वाक्य झोंबतं, कारण त्यात तथ्य आहे.

या धाग्यात कुणाची नावं नकोत, उणीदुणी नकोत. ढोंग नेमकं कुठून शिरतं आणि ते कसं काढायचं, एवढंच बोलूया. ज्यांना हिशेब कळतो, कायदा कळतो, चर्चचं कामकाज ठाऊक आहे, त्यांनी आकड्यांसह लिहावं.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करतो. पाप घडलं म्हणजे माणूस ढोंगी ठरत नाही. शुभवर्तमानात ढोंग्याला जो ग्रीक शब्द आहे, 'हिपोक्रितेस', तो नाटकातल्या नटाचा आहे. अडखळणारा, पुन्हा उठणारा माणूस नट नव्हे. देवापुढे एक वही आणि कामगारापुढे दुसरी वही ठेवतो, तो नट. मत्तयच्या सहाव्या अध्यायात तुतारी वाजवून दान करणाऱ्यांना 'त्यांचं फळ मिळून चुकलं' असं म्हटलंय. तिथलं मूळ क्रियापद त्या काळच्या पावत्यांवर लिहिलं जायचं: रक्कम पूर्ण पोचली. म्हणजे खातं तिथेच बंद.

माझं म्हणणं साधं आहे. आपण ज्याला दान म्हणतो त्यातलं बरंचसं आधीपासूनच कुणाचं तरी देणं असतं. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नका असं बायबलमधलं लेवीय १९:१३ सांगतं. अनुवाद २४:१५ तर सूर्यास्ताची मुदत घालतं. याकोब ५:४ मध्ये अडवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड थेट देवाच्या कानी जाते. मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीपाशी भेट ठेवून आधी भावाकडे जा असं सांगितलंय. ते वचन नीट वाचा. तुमच्या मनात त्याच्याविषयी काय आहे, हा तिथे प्रश्नच नाही. त्याच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे का, हा प्रश्न आहे. म्हणजे तक्रार त्याची आणि चालत जायचं तुम्ही.

कॅथलिकांसाठी आणखी एक: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६५ साली श्रद्धा आणि रोजचं जगणं यांतली फारकत ही आपल्या काळातल्या गंभीर चुकांपैकी एक आहे, असं लिहून ठेवलंय. साठ वर्षं झाली त्याला.

---

दिघा_वाशी_लोकल

दादा, धागा काढलात ते फार बरं केलंत. घरकामाच्या बाईपासूनच सुरुवात करू. पैसे गळतात त्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा खाड्याची. पगार ₹६,००० धरा. महिन्याला चार सुट्ट्या ठरल्यात, म्हणजे कामाचे दिवस २६. तीसने भागलं तर रोज ₹२००, सव्वीसने भागलं तर ₹२३१. पुष्कळ घरांत कापताना सव्वीसने भागतात आणि सुट्टीच्या दिवशी जादा बोलावलं की तीसने देतात, किंवा काहीच देत नाहीत. सरळ रीत उलटी आहे. खाडा कापायचाच असेल तर तीसने कापा, जादा दिवस भरला तर सव्वीसने द्या. दिवसाला ₹३१ चा फरक तिच्या बाजूने पडतो. शेत कापताना कडा सोडून द्या, त्या गरिबाच्या, हा लेवीय १९:९ चा नियम ठाण्याच्या फ्लॅटमध्ये असाच पाळता येतो.

दुसरी जागा मे महिन्याची. मालक पंधरा दिवस गावी जातात आणि 'काम नव्हतं' म्हणून अर्धा पगार कापतात. पण तिने ती वेळ तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते, त्या वेळेत ती दुसरं घर धरू शकत नाही. पूर्ण पगार द्यायचा आणि तोही जायच्या आधी.

तिसरी, वाढीव काम. पाच माणसांची भांडी ठरलेली असतात. नाताळात पाहुणे येतात, भांडी पंधरा माणसांची होतात, पगार तोच राहतो. पाहुणे राहतील तितक्या दिवसांचा वेगळा दर आधी बोलून घ्या. शेवटी हातावर नोट ठेवली की ती बक्षिशी होते, आणि तिने कष्ट केलेत ते बक्षिशीसाठी नव्हे.

चौथी, उचल. ₹१२,००० दिले तर महिना ₹१,००० प्रमाणे बारा महिने, वहीत नोंद, दोघींची सही, एक प्रत तिच्याकडे. व्याज अजिबात नाही, निर्गम २२:२५ गरिबाकडून व्याज घ्यायला मना करतं. उचल फिटेपर्यंत पगारवाढ रोखून धरणं हेही व्याजच झालं, फक्त त्याला कुणी व्याज म्हणत नाही.

बोनस एक महिन्याचा पगार. तिचा सण दिवाळी असेल तर दिवाळीला द्या, तिला नाताळपर्यंत थांबवू नका. आणि ओट्याखाली तिच्यासाठी वेगळा ठेवलेला तो स्टीलचा पेला आजच्या आज बाकीच्या भांड्यांत मिसळा. चहा त्याच कपातून, त्याच बशीवर. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायाशी बसवणं याला सरळ पाप म्हटलंय. आपल्याकडे पायाशी बसवणं त्या पेल्यात आहे, सर्व्हिस लिफ्टमध्ये आहे.

---

हिशेबनीस_कळवा

+१. दोन गोष्टी जोडतो.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. १८ ते ६० वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते. नोंदणीला मालकाचा दाखला लागतो आणि घोडं तिथेच अडतं. 'लिहून दिलं तर उद्या अंगाशी येईल' म्हणून लोक टाळाटाळ करतात. दाखल्यात तिचं नाव, काम, कधीपासून काम करते, तुमचा पत्ता आणि सही एवढंच असतं. जे खरं आहे ते लिहून द्यायला भीती वाटत असेल तर ती भीती कशाची आहे, ते ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

दुसरं, निरोपाचे पैसे. ग्रॅच्युइटीचा कायदा घरकामाला लागत नाही. पण त्यातलं सूत्र न्याय्य आहे, ते घरी वापरायला कुणाची बंदी नाही. शेवटचा मासिक पगार गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं, भागिले २६. ₹६,००० पगार आणि १० वर्षं सेवा धरली तर ₹३४,६१५ होतात. एकदम जड वाटतं, म्हणून दर महिन्याला पगाराच्या ४.८१ टक्के वेगळे काढायचे, म्हणजे इथे ₹२८९. पोस्टात आवर्ती ठेव उघडली की काम झालं.

---

कृपा_पुरेशी_आहे

तलावपाळीदादा, तुमची कळकळ पोचते. पण मला वाटतं गाडी रुळावरून घसरते आहे. इफिसकर २:८-९ सांगतं की तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, कुणी बढाई मारू नये म्हणून. इथे तर टक्केवारी चालली आहे. धर्मनियम काटेकोर पाळणारे परुशीसुद्धा नेमके हेच करायचे ना? पुदिना, बडीशेप, जिरं मोजून दशमांश द्यायचे. हे मोजमापच पुढे ढोंगाला जन्म देतं. आतून माणूस बदलला की बाईचा पगार आपोआप वेळेवर जाईल.

---

तलावपाळी

ताई, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

मत्तय २३:२३ पूर्ण वाचूया. दशमांशाचा नियम मुळात धान्य, द्राक्षारस आणि तेल यांचा. परुश्यांनी तो परसातल्या पाल्यापर्यंत नेला. प्रभू त्यांना मोजू नका म्हणत नाही. न्याय, दया, विश्वास या जड गोष्टी तुम्ही सोडल्यात, त्या करायच्या होत्या आणि हेही सोडायचं नव्हतं, असं म्हणतो. त्यांनी जिरं मोजलं आणि मजुरी मोजली नाही, तक्रार या निवडीची आहे.

आणि इफिसकर २:९ वर थांबू नका, २:१० लगेच पुढे आहे: सत्कृत्यांसाठीच आपल्याला निर्माण केलं आहे.

क्रम पाहायचा तर जकातदार जक्कय पाहा. लूक १९. प्रभू आधी त्याच्या घरी उतरायला निघतो, हिशेब नंतर होतो. कृपा पहिली, यात वाद नाही. पण हिशेब त्याच दिवशी होतो आणि जक्कय दोन वेगळी खाती मांडतो, हे आपण उपदेशांत क्वचित ऐकतो. मालमत्तेचा अर्धा भाग गरिबांना, हे त्याचं दान. ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत, हे त्याचं देणं. अर्ध्या मालमत्तेच्या दानात त्याने लुबाडलेल्यांना गुंडाळून टाकलं नाही.

'आपोआप जाईल' याच्याशी मात्र मी सहमत नाही. आपोआप काही जात नाही. पगार तारखेला जातो.

---

कृपा_पुरेशी_आहे

दोन खात्यांचा मुद्दा पटला. मी या अंगाने ते वचन वाचलं नव्हतं. बाकी मतभेद राहू द्या.

---

सॅक्रिस्टीची_किल्ली

घरांबद्दल बोललात, आता संस्थांबद्दल. चर्चची घंटा वाजवणारा, वेदी लावणारा, फरशी पुसणारा, स्मशानभूमीत खड्डा खणणारा, चर्चच्या शाळेतला शिपाई. यांना मानधन म्हणून हजारांत गुंडाळायचं आणि 'ही देवाची सेवा आहे' म्हणायचं, हे कुठल्या नियमात बसतं?

---

हिशेबनीस_कळवा

कुठल्याच नाही. कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मसंहितेत कलम १२८६ आहे: चर्चच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यांनी देशाचे कामगार कायदे पाळायचे आणि कामगाराला त्याचं व त्याच्या कुटुंबाचं नीट भागेल इतका न्याय्य पगार द्यायचा. म्हणजे कामगार आयुक्ताच्या आधी चर्चचा स्वतःचा कायदाच हे मागतो. सेवा म्हणायची असेल तर ती स्वेच्छेने करणाऱ्याची. ज्याची चूल त्यावर पेटते त्याची ती नोकरी आहे.

प्रत्यक्षात काय करायचं ते सांगतो.

नेमणूकपत्र द्या: कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, पगार, रजा. ख्रिस्ती सेवकाची साप्ताहिक सुट्टी रविवारी येत नाही, रविवारी तो सगळ्यांत जास्त राबतो. म्हणून वार ठरवून लिहा, नाहीतर त्याला सुट्टीच मिळत नाही. पगार बँकेतून, सात तारखेच्या आत. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो, कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के. दोन्ही हिस्से कामगाराच्याच पगारातून कापणं हा सरळ कायदेभंग आहे, पण 'एकूण खर्च' या नावाखाली हा प्रकार चालतो. पगारपत्रक हातात घेऊन बघा.

ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे लागतो, सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर. ₹१५,००० मूळ पगार आणि २२ वर्षं सेवा असेल तर ₹१,९०,३८५ होतात. इथे एक चूक फार ठिकाणी होते, ती नीट समजून घ्या. महिन्याला ४.८१ टक्के बाजूला काढले म्हणून निश्चिंत राहतात. पण सूत्र शेवटच्या पगारावर चालतं. दहा वर्षांनी पगार ₹१५,००० वरून ₹१८,००० केला तर मागच्या दहा वर्षांचं देणं ₹८६,५३८ वरून ₹१,०३,८४६ होतं. ₹१७,३०८ चा खड्डा त्या एका दिवसात पडतो. पगारवाढीच्या ठरावातच तो भरायची तरतूद लिहा. नाहीतर बावीस वर्षांनी निरोपसमारंभात शाल आणि नारळ मिळतो, 'पैसे टप्प्याटप्प्याने देऊ' असं सांगितलं जातं आणि म्हातारा माणूस ऑफिसच्या पायऱ्या झिजवत बसतो.

---

सॅक्रिस्टीची_किल्ली

आमच्यासारख्या छोट्या मंडळीत चारच माणसं पगारावर आहेत. मग कायदाच लागत नाही.

---

हिशेबनीस_कळवा

कायदा लागत नाही, सूत्र लागतं. चार माणसांचे महिन्याचे ४.८१ टक्के म्हणजे नाताळच्या रोषणाईच्या खर्चाहून फार मोठी रक्कम नसते. कमिटीसमोर दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा आणि मग ठराव घ्या.

---

नेरूळ_सेक्टर

रविवारच्या दानाच्या मोजणीबद्दल कुणी लिहिणार का? कुजबूज सगळ्यांत जास्त तिथेच असते. पैसे खरंच गेले नसले तरी संशय राहतो.

---

जुनं_ठाणं

लिहितो. संशय माणसांमुळे कमी आणि पद्धत नसल्यामुळे जास्त येतो.

थैली उपासना संपताच बंद होऊन क्रमांकाच्या सीलने बांधली जावी आणि सीलचा क्रमांक रजिस्टरमध्ये उतरवावा. मोजायला किमान दोन माणसं, नात्यातली नव्हेत, आणि ही जोडी दर आठवड्याला बदलती. फादर, पाळक किंवा खजिनदार यांनी मोजायला बसू नये. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, त्यांच्यावर बोट येऊ नये म्हणून. टेबलावर नोटा मूल्यानुसार लावायच्या: पाचशेच्या, दोनशेच्या, शंभराच्या, मग खालच्या. नाणी वेगळी. छापील तक्त्यात मूल्य, नग, रक्कम लिहायची. पाकिटातून आलेलं दान पाकिटावरच्या आकड्याशी ताडून बघायचं, फरक निघाला तर पाकीट फेकायचं नाही, तक्त्याला टाचायचं. खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही. दोघांच्या सह्या झाल्या की एक प्रत बँकेच्या चलनाबरोबर, एक ऑफिसच्या फाईलला. भरणा पुढच्या बँक दिवशी, मोजलेली पूर्ण रक्कम.

बिघडतं ते या शेवटच्या शब्दांत. फुलवाल्याचे पैसे, इलेक्ट्रिशियनचे पैसे, पाहुण्या वक्त्याचं रिक्षाभाडं थैलीतूनच चुकतं होतं आणि उरलेलं बँकेत जातं. चोरी कुणी केलेली नसते, पण जमा आणि खर्च दोन्ही पुस्तकात येत नाहीत, आणि मग खरी चोरी झाली तरी ती ओळखू येत नाही. किरकोळ खर्चाला वेगळी रक्कम ठेवा, व्हाउचरवर भागवा.

दुसरी गफलत हेतूच्या पैशाची. पुरासाठी, गरीब मुलांच्या फीसाठी म्हणून घेतलेली पेटी छपराच्या दुरुस्तीत जाते. त्याच धर्मसंहितेचं कलम १२६७ म्हणतं की ठरावीक हेतूसाठी दिलेलं दान त्याच हेतूला वापरायचं. छप्पर गळत असेल तर छपरासाठी मागा, लोक देतात.

कलम ५३७ नुसार प्रत्येक पॅरिशला, म्हणजे स्थानिक धर्मग्रामाला, वित्त समिती असायलाच हवी. कलम १२८७ नुसार भाविकांनी दिलेल्याचा हिशेब भाविकांना द्यायचा आहे. प्रोटेस्टंट मंडळ्या बहुतेक सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या असतात. त्यांना महाराष्ट्राचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागतो: लेखापरीक्षण, आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल कळवणं. बदल अर्ज वर्षानुवर्षं न दिल्याने पुढे दोन गट भांडतात आणि खातं गोठतं, तेव्हा सगळ्यांत आधी थांबतो तो सेवकाचा पगार.

सूचनाफलकावर दर महिन्याला एक कागद लावा: जमा किती, कशासाठी, खर्च किती. मराठीत, मोठ्या अक्षरात, खुर्चीवर न चढता वाचता येईल इतक्या उंचीवर.

अवांतर: लग्न, बाप्तिस्मा, दफन यांच्या देणगीचा दर फलकावर असतो. त्याच्याखाली 'जमत नसेल तर काही देऊ नका' ही ओळही हवी. गरिबीमुळे कुणी संस्कारांपासून वंचित राहू नये, हे धर्मसंहितेचं कलम ८४८ आहे. ती ओळ नसली की माणूस लाजेने बाळाचा बाप्तिस्मा पुढे ढकलत राहतो.

---

घोडबंदर_रोड

माझा मुद्दा सोसायट्यांचा. घोडबंदर पट्ट्यात, खारघर-उलव्यात अनेक ख्रिस्ती लोक सोसायटीच्या कमिटीवर आहेत. तिथे श्रद्धेची कसोटी सेप्टिक टाकीपाशी लागते.

ठेकेदार येतो, 'दोन पोरं उतरवतो, अर्ध्या दिवसाचं काम' म्हणतो, दर कमी असतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि तो काम देणाऱ्यालाही लागतो. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई २०१४ मध्ये ₹१० लाख ठरवली होती, २०२३ मध्ये ती ₹३० लाख केली. पण मुद्दा भरपाईचा नाही. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. म्हणून 'वास गेला, आता उतर' हा सल्ला जीव घेतो. पहिला कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो.

करायचं काय: सक्शन गाडीचा दर कोटेशनमध्ये वेगळा मागवा. कार्यादेशात 'कोणीही व्यक्ती टाकीत उतरणार नाही' हे वाक्य घाला. कामाच्या वेळी कमिटीचा एक माणूस तिथे उभा राहील असं ठरवा. झाकण उघडल्यावर तो तिथून हलणार नाही. सकाळची मिस्सा चुकली तरी चालेल.

सफाई आणि सुरक्षारक्षकांचा ठेकेदार पगार थकवतो तेव्हा 'तो त्याचा प्रश्न' म्हणू नका. ठेकेदाराने दिला नाही तर मूळ मालकाने, म्हणजे काम देणाऱ्याने, द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा, हाच कायदा आहे. बिल मंजूर करण्याआधी मागच्या महिन्याचा बँक भरणा मागवा.

---

सीवूड्स_दर्यावर्दी

भाड्याच्या घरांचं मी लिहितो, थोडक्यात. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे घरमालकाची आहे. भाडं कमी दाखवून बाकीचं रोखीत घेणं, आणि घर सोडताना रंगाच्या नावाखाली डिपॉझिट दाबणं ही आपल्या भागातली रोजची गोष्ट. रंग चार वर्षांत विटतोच, ती घराची झीज आहे, भाडेकरूचं नुकसान नाही. चावी हातात घेतानाच भिंती, नळ, पंखे बघून दोघांनी कागदावर लिहायचं, आणि त्याच बैठकीत पैसे वळते करायचे.

आणि 'अमुक धर्माला, अमुक जातीला घर नाही' असं एजंटला सांगणारा ख्रिस्ती माणूस, गव्हाणीत जन्मलेल्याच्या नावाने नाताळात दारावर तारा लावतो. बेथलेहेमात जागा नव्हती म्हणून, आपल्याकडे जागा असून नाही.

---

येऊरची_वाट

जातीचा विषय निघालाच आहे तर. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शिखांना तो १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये. चर्चने त्यासाठी मोर्चे काढले, ते योग्यच. कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ च्या धोरणात चर्चमधला जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप आहे असं मान्यही केलं. पण लग्नाच्या स्थळात 'आपल्यातलीच हवी' अजून असतं. ईस्ट इंडियन, गोंयकार, मंगळूरकर, मल्याळी, मराठवाड्यातून आलेला, वारली पाड्यावरचा, हे सगळे एका भाकरीत सहभागी होतात आणि हॉलमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसतात.

१ करिंथ ११ मध्ये पौल याच गोष्टीवर चिडला आहे: एक भुकेला राहतो, दुसरा झिंगतो, आणि याला तुम्ही प्रभुभोजन म्हणता. सणाच्या जेवणात करता येईल असं एक सांगते. वाढपी, वॉचमन, साऊंडवाला, भांडी घासणाऱ्या बायका यांची ताटं केटररच्या संख्येत आधीच धरा. दोनशे पाहुणे असतील तर दोनशे वीसची ऑर्डर. ते पहिल्या पंगतीत बसतील, उरलंसुरलं खाणार नाहीत. वाचक निवडताना, वित्त समिती निवडताना पाड्यावरचं किंवा झोपडपट्टीतलं माणूस नाममात्र नको. बैठक रात्री आठनंतर ठेवा, म्हणजे रोजंदारीचा माणूस येऊ शकेल. दुपारी चारला ठेवली की तो आपोआप गळतो, आणि आपण म्हणतो त्यांना रस नाही.

---

सिस्टर_नव्हे_बहीण

एक जड विषय राहतोय. लेकरांच्या सुरक्षिततेचा. 'चर्चची बदनामी होईल' म्हणून गप्प बसणं हे सगळ्यांत वाईट ढोंग.

२०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याचा धोका असल्याचं ज्याला कळतं, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं असतं. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत शिक्षा आहे. म्हणजे 'आधी कमिटीत बोलू, बिशपांना पत्र लिहू' हा पर्याय कायद्याने नाही. पत्र लिहा, पण पोलिसांनंतर. मुलाला दहा जणांपुढे पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, उलटतपासणी करू नका, फोनवर रेकॉर्डिंग करू नका. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, वेळेसह लिहून ठेवा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याकडून घेतला जातो, हा त्याचा हक्क आहे. १०९८ हा मुलांसाठीचा फोन लक्षात ठेवा. मुलाचं नाव कुठेही फुटता कामा नये, प्रार्थनागटातसुद्धा नाही. 'अमुक कुटुंबासाठी प्रार्थना करा, कठीण प्रसंग आहे' या मेसेजनेही ओळख पटते.

धर्मशिक्षणाचे वर्ग दाराला काच असलेल्या खोलीत, दोन मोठी माणसं हजर. सहल असेल तर पालकांची लेखी संमती. हे आधी करायचं, काही घडल्यावर नव्हे.

---

दिघा_वाशी_लोकल

ताई, धन्यवाद. हे छापून सूचनाफलकावर लावण्यासारखं आहे.

दादा, एक प्रश्न. समजा धागा वाचून कुणाला पटलं की आपण आठ वर्षांपूर्वी एका बाईचे पैसे मारले. पापनिवेदन झालं, फादरांनी क्षमा दिली. पुढे काय?

---

तलावपाळी

क्षमा मिळाली तरी परतफेड सुटत नाही, चर्चची शिकवण यावर ठाम आहे. चोरलेली वस्तू परत करणं हा पश्चात्तापाचाच भाग आहे.

आधी आकडा काढा, अंदाजे नको. समजा मे महिन्याचा अर्धा पगार तीन वर्षं कापला, तेव्हाचा पगार ₹४,०००: तीन वेळा ₹२,०००, म्हणजे ₹६,०००. गणना ५:७ प्रमाणे वर पाचवा हिस्सा, ₹१,२००. एकूण ₹७,२००. आठ वर्षांत महागाईने पैसा किती घटला ते पाहता पाचव्या हिश्श्याहून जास्त दिलंत तरी ते दान होत नाही.

मग ती कुठे आहे ते शोधा. नंबर बदललेला असतो. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या बायकांना, तिच्या जुन्या वस्तीतल्या किराणावाल्याला, भिशीवाल्या बाईला विचारा. घरकामाच्या बायका एकमेकींना हाताला धरून कामावर लावतात, त्यामुळे दोन-तीन जणींत पत्ता लागतो. विचारताना कारण सांगत फिरू नका, तिचा मान राखा.

भेटल्यावर स्पष्ट बोला: 'हे तुमचे पैसे आहेत, मी तेव्हा चुकीचे कापले होते.' 'ठेवा, तुम्हाला उपयोगी पडतील' असं बोलाल तर तिच्याच पैशांची तुम्ही भीक केलीत. पैसे तिच्याच खात्यात किंवा तिच्याच हातात. मुलाच्या, नवऱ्याच्या यूपीआयवर पाठवले तर तिच्यापर्यंत पोचतीलच असं नाही. ती रागावली, दोन शब्द बोलली तर ऐकून घ्या. आपली बाजू मांडायची ती वेळ नाही.

---

नेरूळ_सेक्टर

ती वारली असेल तर?

---

तलावपाळी

वारसांना. मुलगी असेल तर आधी तिला शोधा, बऱ्याचदा आईच्या जागी तीच त्या घरांत कामाला लागलेली असते. कुणीच सापडलं नाही तर तेवढी रक्कम गरिबांना द्यायची, पण स्वतःच्या नावाची पावती घ्यायची नाही आणि वर्षाच्या दशमांशात ती धरायची नाही.